हवा संपली तर बडीचा ऑक्टोपस
स्कूबाला उतरण्याआधी बोटीवरच बडीच्या (पाण्यातल्या जोडीदाराच्या) ऑक्टोपसमधून, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणाऱ्या जादा रेग्युलेटरमधून, दोन-चार श्वास घेऊन पाहा. तो बहुधा पिवळा असतो. हनुवटी ते बरगड्यांच्या मध्ये, चटकन सुटेल असा अडकवलेला हवा. पाठीमागे लोंबकळणारा काय कामाचा?

हवा संपल्यावर बडीला खूण म्हणून तळहात गळ्यासमोर आडवा फिरवा. ऑक्टोपस तोंडात धरून आधी फुंकर मारून पाणी काढा, मग श्वास घ्या. एकमेकांचा पट्टा घट्ट धरा आणि लगेच वर निघा, कारण आता एका टाकीवर दोघं आहेत. तरी वेग मिनिटाला ९ मीटरच्या आतच. श्वास मुळीच रोखू नका, फुप्फुस फाटू शकतं. तारकर्लीला पाणी गढूळ असेल, तर बडी हाताच्या अंतरावरच ठेवा.