सुपर निन्टेंडोचे रेकॉर्डिंग: स्पीडरनसाठी जोडणी

स्पीडरन म्हणजे खेळ कमीत कमी वेळात संपवणे. त्यासाठी सुपर निन्टेंडो हा जुना गेम कन्सोल अमेरिकन किंवा जपानी, म्हणजे ६० हर्ट्‌झचा (सेकंदाला ६० चित्रे) घ्या. पाल, म्हणजे युरोपीय टीव्ही पद्धतीचा कन्सोल ५० हर्ट्‌झवर चालतो, त्यामुळे बहुतेक खेळ सुमारे १७ टक्के मंदावतात. मूळ अडॅप्टर अमेरिकन असला तर १२० व्होल्टचा, जपानी असला तर १०० व्होल्टचा असतो. भारतात तो थेट लावला की जळणारच. योग्य स्टेप-डाउन (व्होल्टेज कमी करणारा) ट्रान्सफॉर्मर लावा.

पिवळ्या कंपोझिट केबलऐवजी एस-व्हिडिओ केबल वापरा, तिच्यात रंग आणि उजेडाचे सिग्नल वेगळे जातात, त्यामुळे रंग कमी मिसळतात. खेळायचे ते सीआरटी (जुन्या, काचेच्या नळीच्या) टीव्हीवर. रेकॉर्डिंगसाठी सिग्नल संगणकात घेणाऱ्या कॅप्चर कार्डच्या चित्राकडे बघून खेळू नका, ते उशिरा येते. टीव्ही आणि कॅप्चर कार्ड दोन्हीकडे सिग्नल द्यायला साधी वाय केबल चालत नाही: सिग्नल वाटला जाऊन चित्र काळवंडते. वीजेवर चालणारा डिस्ट्रिब्यूशन अँप्लिफायर (सिग्नल कमी न करता वाटणारे यंत्र) लागतो.

खरी गोम २४०पीमध्ये, म्हणजे कन्सोल देतो त्या २४० ओळींच्या अख्ख्या फ्रेममध्ये आहे. स्वस्त कॅप्चर कार्ड त्याला ४८०आय (एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या फ्रेमचे चित्र) समजते, दोन फ्रेम एकत्र विणते आणि मार खाऊन लुकलुकणारे पात्र अर्धपारदर्शक किंवा पट्ट्यापट्ट्यांचे दिसते. ओबीएस या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये कॅप्चर कार्डच्या सोर्सवर उजवे क्लिक करून डीइंटरलेसिंगमध्ये (विणलेल्या फ्रेम वेगळ्या करणे) ‘यादिफ २एक्स’ निवडा. आउटपुट ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम) ठेवा. ३० वर निम्म्या फ्रेम गळतात. चित्र ४:३ मध्ये, उदाहरणार्थ ९६० बाय ७२०.

आवाज चित्राच्या पुढे धावत असेल तर ऑडिओच्या प्रगत सेटिंगमध्ये सिंक ऑफसेट थोडाथोडा वाढवा.