आंतरराष्ट्रीय कक्षाचा कार्यभार गळ्यात पडला असेल तर

विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षाचा ‘अतिरिक्त कार्यभार’ तुमच्याकडे आला की पहिल्याच आठवड्यात वरून विचारणा होते : परदेशी विद्यापीठांशी आपले एकूण करार किती? हा आकडा नॅकच्या, म्हणजे विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, अहवालात जातो, म्हणून त्याला मान आहे. तो काढा, देऊन टाका आणि मग परीक्षा विभागात जाऊन बसा. मी राज्य विद्यापीठात या कक्षाची कक्षाधिकारी होते. परदेशी विद्यापीठाशी जुळलेलं नातं टिकतं की नाही, हे तिथे, गुणपत्रिका छापणाऱ्या खोलीत ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

का, ते सांगते. युरोपात पूर्ण वर्षाला तिथल्या सामायिक पद्धतीचे, म्हणजे ईसीटीएसचे, ६० श्रेयांक (क्रेडिट) असतात, आपल्याकडे साधारण ४० ते ४४. आता आपली विद्यार्थिनी जर्मनीत एक सत्र शिकून ३० श्रेयांक घेऊन आली, तर इथे तिच्या खात्यात किती जमा करायचे? तासांचा हिशेब लावलात तर ईसीटीएसचा एक श्रेयांक २५ ते ३० तासांच्या अभ्यासाचा, आपल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यातला एक ३० तासांचा. म्हणजे तिला निदान २५ द्यावे लागतील आणि आपल्या सत्रात तेवढी जागाच नाही. म्हणून वर्षाला वर्ष धरायचं : त्यांच्या दीड श्रेयांकाला आपला एक, ३० चे २०. यावर कोणी ना कोणी तज्ज्ञ वाद घालणारच. घालू द्या, पण ती मुलगी विमानात बसण्याआधी.

गुणांची तऱ्हा आणखी वेगळी. जर्मनीत १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. १.३ घेऊन आलेली हुशार मुलगी आपल्या संगणकाला दहापैकी १.३ दिसते! आपले गुण तिकडे नेताना जर्मन विद्यापीठं सहसा ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ लावतात. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, कमाल आणि उत्तीर्णतेचे किमान गुण यांच्यातल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं, एक मिळवायचा. सीजीपीए (दहापैकी सरासरी श्रेणीगुण) ८, कमाल १० आणि किमान ४ असेल तर उत्तर २.०. हे उदाहरण परीक्षा नियंत्रकांसमोर कागदावर सोडवून दाखवा. टिपणी पाठवून हा विषय सुटत नाही, फाइल फक्त फिरत राहते. ते पटलं की रूपांतराचा तक्ता अभ्यास मंडळामार्फत विद्यापरिषदेत मंजूर करून घ्या. विभागप्रमुखांचं पत्र पुरत नाही. दोन वर्षांनी विभागप्रमुख बदलतात.

मग वेळापत्रक. जर्मनीचं हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं, वर्ग ऑक्टोबरच्या मध्यावर. आपल्या पहिल्या सत्राच्या परीक्षा नेमक्या त्याच सुमारास किंवा त्यानंतर. जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये उघडतं. ऑस्ट्रेलियाचं दुसरं सत्र मात्र जुलैच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे आपल्या पहिल्या सत्राशी बरंचसं जुळतं. सत्राची देवाणघेवाण पहिल्यांदाच करणार असाल तर हे गणित रँकिंगपेक्षा आधी बघा.

आणि पीएच.डी.पासून सुरुवात करता आली तर फारच उत्तम, कारण तिथे सत्र परीक्षांचा हा गुंता जवळपास नसतोच. पवईला आयआयटी मुंबईने ऑस्ट्रेलियाच्या मोनाश विद्यापीठाबरोबर २००८ पासून संशोधन अकादमी चालवली आहे. विद्यार्थ्याची नोंदणी दोन्हीकडे, मार्गदर्शक दोन्हीकडचे, पदवी दोघांची. मुक्काम मुख्यतः पवईत आणि काही महिने ऑस्ट्रेलियात. याच आयआयटीची उभारणी १९५८ मध्ये युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीतून झाली होती. तेव्हा संबंध दिल्ली-मॉस्को पातळीवर जुळायचे आणि यंत्रसामग्री नि तज्ज्ञ येऊन पोहोचायचे. आता दोन प्राध्यापकांच्या ईमेलमधून जुळतात. तुमच्या विद्यापीठाकडे आयआयटीइतका पैसा नाही, हे मला माहीत आहे. पण दोन मार्गदर्शक आणि एक विद्यार्थी एवढं तरी जमवता येतं.

हे दोन प्राध्यापक शोधायचे कुठे? ग्रंथपालांना सांगा, गेल्या पाच वर्षांत आपल्या शिक्षकांनी परदेशी सहलेखकांबरोबर लिहिलेल्या शोधनिबंधांची संस्थानिहाय यादी स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीतून काढून द्या. एकाच परदेशी विद्यापीठाचं नाव वेगवेगळ्या विभागांत पुन्हा पुन्हा आलं की तिथे दार आधीच उघडलेलं आहे. शिष्टमंडळं, स्मृतिचिन्हं, शाल-श्रीफळ यांतून उभं राहिलेलं सहकार्य मी फार कमी पाहिलंय.

पैसा कुठून आणायचा, हे प्राध्यापकाच्या गरजेवर ठरतं. नुसतं जाणं-येणं हवं असेल तर केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि जर्मनीची शैक्षणिक देवाणघेवाण संस्था डाड यांची संयुक्त योजना आहे. तिच्यात प्रवास आणि राहणं निघतं, उपकरणं नाहीत. फ्रान्सबरोबर मोठा प्रकल्प करायचा तर १९८७ पासूनचं सेफिप्रा हे भारत-फ्रान्स संशोधन केंद्र. कॅनडासाठी १९६८ पासूनची शास्त्री इंडो-कॅनेडियन इन्स्टिट्यूट. २०१८ ची स्पार्क योजना संयुक्त संशोधनाची; तिचं समन्वयन आयआयटी खरगपूरकडे आणि पात्रतेला मानांकनाच्या अटी. परदेशी शिक्षकाला आठवडा-दोन आठवडे शिकवायला बोलवायचं तर २०१५ ची ग्यान योजना. पुढे जोडी जमेल की नाही, हे त्या मुक्कामात समजतं.

पदवीच संयुक्त द्यायची असेल तर यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२ चे नियम वाचा. मुख्य अट अशी : तुमचे नॅकचे गुण किमान ३.०१ हवेत, किंवा एनआयआरएफ या केंद्राच्या क्रमवारीतल्या विद्यापीठ यादीत पहिल्या १०० मध्ये जागा, किंवा केंद्राने दिलेला ‘इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स’चा दर्जा. समोरचं विद्यापीठ टाइम्स हायर एज्युकेशन किंवा क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये असेल तर यूजीसीची वेगळी मंजुरी लागत नाही, ५०१ ते १००० मध्ये असेल तर लागते. संयुक्त पदवीत दोघांकडून प्रत्येकी किमान ३० टक्के श्रेयांक हवेत. दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांना हे नियम लागू नाहीत, आणि फ्रँचायझी, म्हणजे परदेशी विद्यापीठाच्या नावावर इथे नुसतं केंद्र चालवणं, चालत नाही. कोणी एजंट ‘सगळं मी बघतो’ म्हणत आला तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

करारात एक कलम स्वतः वाचा : कोण कोणाची फी माफ करतो. ‘दोन्ही बाजू प्रयत्न करतील’ अशा वाक्याला लेखापरीक्षणात काही किंमत नसते. राज्याच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय संबंधांसाठी स्वतंत्र मंडळ आहे. मसुदा तिथे नेल्याशिवाय सहीला पाठवू नका.

वनस्पतिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या मंडळींना आवर्जून गाठा. सह्याद्रीतलं पान असो की मातीतले जिवाणू, भागीदाराच्या प्रयोगशाळेत पाठवण्याआधी २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते का, हे तपासावं लागतं. केंद्र सरकारने मान्य केलेल्या सहकार्य प्रकल्पांना सवलत आहे, पण आपला प्रकल्प त्यात बसतो हे कागदावर दाखवता यायला हवं. माणसांच्या आरोग्यावरचं संशोधन असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मार्फत जावं लागतं. हे अर्ज आणि अनुदानाचा प्रस्ताव एकाच वेळी सुरू करा. एक संपल्यावर दुसरा असं केलंत तर अनुदानाचं पहिलं वर्ष त्यातच जातं.

आता तिकडून मुलं येतील. १८० दिवसांहून जास्त मुदतीचा विद्यार्थी व्हिसा असलेल्याने आल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या कार्यालयाकडे) नोंदणी करायची असते, आणि वसतिगृहाने त्याच्या मुक्कामाची माहिती त्याच कार्यालयाला २४ तासांत द्यायची असते. ही दुसरी जबाबदारी आपली आहे, हे वसतिगृह अधीक्षकांना बहुधा कोणी सांगितलेलंच नसतं. त्यांना कक्षाच्या पहिल्या बैठकीलाच बोलवा. त्याच बैठकीत दिवाळीचं विचारा. सुट्टीत खानावळ बंद होते, आपली मुलं घरी जातात आणि परदेशी मुलं रिकाम्या इमारतीत बिस्किटं खात बसतात. त्या दिवसांत जेवण कोण देणार आणि पैसे कोणत्या लेखाशीर्षातून जाणार, हे सप्टेंबरमध्येच लेखी घेऊन ठेवा.