पाडलेल्या टॉकीजचा इतिहास कसा जमवायचा

सुरुवात माणसांपासून नव्हे, जागेपासून करा. पुण्यात मंडईजवळ 1915 साली सुरू झालेल्या 'आर्यन'च्या जागी आज गाड्या लागतात. गिरगावात ज्या 'मॅजेस्टिक'मध्ये 14 मार्च 1931 ला 'आलम आरा' लागला, तिथे शॉपिंग सेंटर आहे. या मोठ्या टॉकीजची नावं तरी लोकांच्या तोंडी राहिली. गल्लीतल्या टॉकीजचं तेही राहत नाही, आणि राहिलं तर फसवतं. अप्पा बळवंत चौकातलं थिएटर 1934 साली 'किबे लक्ष्मी' म्हणून उघडलं, पुढे कित्येक दशकं 'प्रभात' होतं आणि 2014 नंतर पुन्हा 'किबे लक्ष्मी' झालं. असं एकच नाव धरून जुनी वर्तमानपत्रं चाळली तर अर्धा इतिहास हातातून निसटतो.

म्हणून आधी सिटी सर्व्हे नंबर, म्हणजे सरकारी भूमापनात त्या जागेला दिलेला क्रमांक, शोधा. प्रॉपर्टी कार्ड ऑनलाइन मिळतं, पण जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) बघायला नगर भूमापन कार्यालयात जावंच लागतं. तिथे तीन वेगळी माणसं सापडण्याची तयारी ठेवा: जमिनीचा मालक, इमारत बांधणारा आणि भाडेपट्ट्याने टॉकीज चालवणारा. मोहल्ल्यात 'मालक' म्हणून जो सांगितला जातो, तो बहुतेक वेळा तिसरा असतो.

परवान्याची फाइल हा दुसरा कागद. 1953 च्या सिनेमा नियमन कायद्यानुसार परवाना जिल्हाधिकारी देत, आणि पोलीस आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्त. त्या फाइलमध्ये आसनसंख्या, नकाशा, केबिन (प्रोजेक्टरची खोली), दारं, नूतनीकरणाच्या तारखा असतात. माहिती अधिकारात अर्ज करायचा तर महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. शुल्क 10 रुपये. 'टॉकीजचा इतिहास द्यावा' असं लिहिलंत की अर्ज निकाली निघालाच म्हणून समजा. 'अमुक सिटी सर्व्हे नंबरवरील सिनेमागृहाच्या परवाना नोंदवहीतील नोंदी व मंजूर नकाशाची प्रत' असं नेमकं मागा. फाइल नष्ट केली असं उत्तर आलं तर नष्ट केलेल्या अभिलेखांच्या नोंदवहीची प्रत मागा. त्यातही फाइलचा विषय आणि साल सापडू शकतं. करमणूक शुल्काचे, म्हणजे करमणूक कराचे, कागद जिल्हाधिकारी कार्यालयाच्या करमणूक शाखेत असायचे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर तो कर गेला, त्यामुळे ते गठ्ठे कुठे आहेत हे आधी तोंडी विचारून मगच अर्ज टाका.

आता वर्तमानपत्रं. सगळे अंक चाळत बसू नका, डोळे जातील. नवा खेळ सहसा शुक्रवारी लागायचा, म्हणून महिन्याला एक शुक्रवार घ्या. वर्षाचे 12, दहा वर्षांचे 120 अंक. दोन-तीन बैठकांत होतात. जाहिरात दिसेनाशी झाली की तेवढ्याच महिन्यांचे सगळे अंक बघा. मात्र जाहिरात बंद म्हणजे टॉकीज बंद, असं धरू नका. धंदा बसत आला की चालवणारे पहिला खर्च जाहिरातीचाच कापतात आणि भिंतीवरच्या पोस्टरवर भागवतात. ती तारीख शेवटच्या जाहिरातीची म्हणून नोंदवा, टॉकीज बंद झाल्याची म्हणून नाही.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या सिनेमाच्या सालावरून टॉकीजचं साल काढताना. 'उघडली तेव्हा अमुक पिक्चर होता' हे ऐकून लोक त्या पिक्चरचं प्रदर्शन-वर्ष लिहून मोकळे होतात. गल्लीतल्या टॉकीजला नवी प्रिंट मिळायची नाही. मोठ्या थिएटरांतून उतरलेली, रेघा पडलेली प्रिंट महिन्यांनी, कधी वर्षांनी यायची. शिवाय मॅटिनीला जुनेच खेळ. पिक्चरच्या सालाचा उपयोग एवढाच: त्याआधी तो तिथे लागलेला नसणार.

माणसांशी बोलताना साल विचारूच नका. पुण्यात 'पानशेतच्या आधी की नंतर?' असं विचारा, म्हणजे 12 जुलै 1961 ही खुंटी मिळते. लालबाग-परळला गिरणी संप, जानेवारी 1982. बायकांना विचारताना 'थोरला झाला होता का तेव्हा?' हा प्रश्न सगळ्यात नेमका चालतो. प्रेक्षकांपेक्षा तिथे काम केलेल्यांना आधी गाठा: ऑपरेटर (प्रोजेक्टर चालवणारा), डोअरकीपर, बुकिंग क्लार्क, सायकल स्टँडवाला, कॅन्टीनवाला. यातल्या ऑपरेटरला पहिलं, कारण तो सहसा सगळ्यात वयस्कर असतो. समोर मोठा कोरा कागद ठेवा आणि बाल्कनीचा जिना कुठल्या हाताला होता, लेडीज बुकिंगची खिडकी कुठे होती, हे काढायला सांगा. हात चालू लागला की आठवण आपोआप येते.

मुलाखत 45 मिनिटांच्या वर नेऊ नका. फोन फ्लाइट मोडवर, घडी घातलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. पंखा बंद करा. तो घरघरतो ते ऐकताना कळत नाही, नंतर रेकॉर्डिंगमध्ये तोच तेवढा ऐकू येतो. नाव छापायची परवानगी रेकॉर्डिंगमध्येच घ्या. ब्लॅकने तिकिटं विकणाऱ्यांनी सांगितलेलं नावाशिवाय लिहा.

ऑपरेटरला काय विचारायचं, हे माहीत नसेल तर तो दोन वाक्यांत आटपेल. 35 मिमीचं हजार फुटी रीळ 11 मिनिटं चालतं, दोन हजार फुटी 22. म्हणून केबिनमध्ये दोन मशिनं असायची. रीळ संपायच्या सुमारे आठ सेकंद आधी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक टिंब चमकायचं, तेव्हा दुसऱ्या मशिनची मोटर चालू करायची. दुसऱ्या टिंबाला चेंजओव्हर, म्हणजे पहिल्या मशिनवरून दुसऱ्यावर जायचं. टिंब हुकलं की पडदा पांढरा आणि खाली शिट्ट्या. उजेड कार्बनचा: दोन कांड्यांच्या टोकांमध्ये ठिणगी पेटती ठेवायची, कांड्या झिजतील तशा पुढे सरकवायच्या. अंतर वाढलं की चित्र मंद पडायचं. हा कार्बनचा आर्क कधी गेला आणि बल्ब कधी आला हे विचारा. हे साल ऑपरेटर सहसा विसरत नाही, कारण तेव्हापासून केबिनमधला धूर गेला.

इमारत अर्धवट उभी असेल तर केबिनची भिंत बघा. प्रत्येक मशिनला दोन भोकं, एक भिंगासाठी आणि एक ऑपरेटरच्या डोळ्यासाठी. जास्तीचं भोक बहुधा जाहिरातींच्या स्लाइड दाखवायचं. छतातून वर निघालेला पत्र्याचा पाइप म्हणजे कार्बनचा धूर बाहेर काढायची सोय. दोन पाइप दिसले तर दोन मशिनं होती. जमिनीचा उतार पट्टीने मोजून ठेवा, गोदाम झालं तरी तो उतार राहतो.

तिकिटाचा तुकडा मिळाला तर लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. दोन्ही बाजू 600 डीपीआयवर स्कॅन करा. तिकिटावर मूळ दर आणि करमणूक कर वेगळे छापलेले असतील तर दोन्ही आकडे उतरवा. लोकांना आठवतो तो एकूण आकडा, हिशेबाच्या कागदात मूळ दर असतो, आणि मग दोघांपैकी कोणीतरी खोटं बोलतंय असं उगाच वाटतं. जाहिरातींच्या काचेच्या स्लाइड पांढऱ्या उजळ स्क्रीनवर ठेवून फोटो काढा, फ्लॅश न वापरता.

फिल्मचे तुकडे मात्र जपून. कडेला 'सेफ्टी' असं इंग्रजीत छापलेलं असेल तर ठीक. आंबट, व्हिनेगरसारखा वास असेल तर वेगळ्या, हवेशीर खोक्यात ठेवा, नाहीतर शेजारचं रीळही नासतं. 1950 च्या आसपासची किंवा त्याआधीची, तपकिरी, चिकट झालेली फिल्म नायट्रेट असू शकते. ती झपाट्याने पेट घेते आणि पाण्यानेही विझत नाही. काडी लावून बघायचा शहाणपणा करू नका. घरात ठेवू नका. पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, त्यांना कळवा आणि ते सांगतील तसं करा.

लिहिताना तीन रकाने पाडा: काय सांगितलं, कोणी सांगितलं, कोणता कागद त्याला आधार देतो. तिसरा रकाना रिकामा असेल तर रिकामाच ठेवा. एकाने आसनं सहाशे सांगितली आणि दुसऱ्याने आठशे, तर सातशे लिहू नका. आधी विचारा, बाकडी होती तेव्हाची गोष्ट की खुर्च्या आल्यानंतरची? बाकड्यावर माणसं दाटीने बसायची.