मुलांना ‘पिनोकिओ’ दाखवण्यापूर्वी

गिलेर्मो देल तोरो आणि मार्क गुस्ताफसन यांनी दिग्दर्शित केलेला २०२२ सालचा ‘पिनोकिओ’ मुलांना दाखवायचा असेल, तर आधी कार्लो कोलोदी यांच्या मूळ कथेतील निदान तीन प्रकरणे त्यांना मोठ्याने वाचून दाखवावीत. हा चित्रपट त्या कथेशी वाद घालतो आणि कथाच ठाऊक नसेल, तर तो वाद मुलांपर्यंत पोहोचत नाही.

१८८१ पासून क्रमशः छापली गेलेली ही कथा १८८३ मध्ये पुस्तकरूपाने आली. चौथ्या प्रकरणात पिनोकिओ हा बोलता-चालता लाकडी बाहुला उपदेश करणाऱ्या रातकिड्याला हातोडा फेकून मारतो, पंधराव्या प्रकरणात त्याला ओकच्या झाडाला फासावर लटकवले जाते (कोलोदींनी कथा इथेच संपवली होती, वाचकांच्या आग्रहामुळे ती पुढे चालू राहिली) आणि बत्तिसाव्या प्रकरणात तो गाढव बनतो. या शिक्षा कशाबद्दल मिळतात, हे मुलांनाच शोधू द्यावे. मोठ्यांचे ऐकले नाही म्हणून, हे उत्तर ती लवकरच देतील.

चित्रपट मुसोलिनीच्या इटलीत घडतो. त्या राजवटीत लहान मुलांनाही गणवेश घालून कवायत करायला लावत, एवढी पार्श्वभूमी आधी सांगणे आवश्यक आहे. कारण पुस्तकात मुले अभ्यास सोडून नुसती खेळत राहतात आणि शेवटी गाढव बनतात, त्या खेळण्यांच्या देशाच्या जागी इथे मुलांना सैनिक बनवणारी छावणी आहे. तिथे एक अधिकारी बाप आपल्या मुलाला पिनोकिओवर गोळी झाडण्याचा हुकूम देतो. तो प्रसंग संपल्यावर चित्रपट थांबवून, हुकूम मोडणारा हा मुलगा वाईट ठरतो का, असे विचारावे. माझ्या मते संपूर्ण चित्रपटाचा गाभा या एका प्रसंगात आहे. चर्चमधील प्रसंगापाशीही असेच थांबता येईल. तिथे पिनोकिओला प्रश्न पडतो की, क्रूसावरची मूर्तीही लाकडाचीच असताना लोकांना ती प्रिय आणि आपण नकोसे का?

सुरुवातीलाच, पिनोकिओला पुढे घडवणाऱ्या सुताराचा, म्हणजे जेपेत्तोचा मुलगा बाँबहल्ल्यात मरण पावतो आणि पुढेही मृत्यू वारंवार येतो. त्यामुळे पालकांनी चित्रपट आधी एकट्याने पाहावा. दहा वर्षांखालील मुलांना तो दाखवण्याची घाई मी करणार नाही. जवळजवळ दोन तासांचा हा चित्रपट दोन बैठकींत पाहिला तरी चालेल.

पुस्तकाचे शेवटचे, म्हणजे छत्तिसावे प्रकरण मात्र चित्रपटानंतर, दुसऱ्या दिवशी वाचावे. त्यात बाहुल्याचा हाडामांसाचा मुलगा होतो, तर चित्रपटात पिनोकिओ अखेरपर्यंत लाकडाचाच राहतो आणि जेपेत्तो त्याला तसाच स्वीकारतो. कोणता शेवट अधिक पटला, हे मुलांनी कारणासह सांगावे आणि तोवर पालकांनी आपले मत राखून ठेवावे.