बारावी सायन्सवाल्यांनो, सीईटीसोबत कागदपत्रांचंही आत्ताच बघा

मी २०२५ ला इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतलं. आमच्या घरातून इंजिनिअरिंगला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून जे मला उशिरा कळलं ते लिहून ठेवतेय.

अभ्यासाचं थोडक्यात. सीईटी म्हणजे इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा, तिला मॅथ्स १०० मार्कांचं, फिजिक्स केमिस्ट्री ५०-५०. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. अकरावीचे साधारण २० टक्के प्रश्न येतात, ते मार्क फुकट घालवू नका.

खरा ताण आला तो कागदपत्रांचा. आम्ही ओबीसी, जातीचा दाखला होता, मला वाटलं झालं काम. पण ॲडमिशनला जात पडताळणी म्हणजे व्हॅलिडिटी लागते, आणि त्यासाठी ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा द्यावा लागतो. पप्पांचा जन्म त्यानंतरचा, मग आजोबांच्या शाळेचा दाखला शोधायला पप्पा तीन वेळा गावी गेले, मिळाला तर त्यात नाव महादू आणि बाकी सगळीकडे महादेव, परत प्रतिज्ञापत्र, वंशावळ, आणि हे सगळं आम्ही बारावीची परीक्षा झाल्यावर सुरू केलं होतं. फॉर्म भरला तेव्हा हातात फक्त पावती होती. पावतीवर तात्पुरतं चालतं पण मुदतीत मूळ प्रमाणपत्र दिलं नाही तर ओपनमध्ये जावं लागतं, माझं शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी आलं. ते दिवस आई नीट जेवली नाही. कॉलेजचं पत्र घेऊन अकरावीतच अर्ज करा, प्लीज.

नॉन क्रिमीलेयर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचं ओबीसींचं प्रमाणपत्र, त्याची तारीखपण बघा. २०२५-२६ च्या ॲडमिशनला ते ३१ मार्च २०२६ पर्यंत व्हॅलिड लागत होतं, जुनं चालत नाही. निकाल लागला की सेतूमध्ये उभं राहायला जागा नसते, त्यामुळे त्यासाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्येच काढायला टाका.

आता ऑप्शन फॉर्म, म्हणजे हवी ती कॉलेजं पसंतीच्या क्रमाने भरायचा फॉर्म. २०२५ पासून पहिल्या राउंडला पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं की सीट आपोआप फ्रीझ, म्हणजे तीच पक्की आणि पुढचे राउंड बंद, दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनमधलं लागलं तर, तिसऱ्याला पहिल्या सहामधलं. माझ्या मैत्रिणीने भीतीपोटी घराजवळचं कॉलेज एक नंबरला टाकलं, तेच लागलं आणि पुढचे राउंड तिच्यासाठी संपले, तिच्या पर्सेंटाइलला याहून चांगलं मिळू शकलं असतं. त्यामुळे मनापासून जे हवंय तेच वर टाका, कटऑफ कितीही जास्त वाटू दे, आणि खाली हमखास लागणारी भरपूर टाका, ३०० पर्यंत ऑप्शन देता येतात. कटऑफ बघताना आपली कॅटेगरी आणि होम युनिव्हर्सिटीचाच (आपल्या भागातल्या विद्यापीठाचाच) आकडा बघा, नुसता पहिला आकडा बघून घाबरू नका.

फीचं पण विचारून घ्या. उत्पन्न ८ लाखाच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफ असलेल्या सीट असतात, त्यांचा चॉईस कोड वेगळा असतो, तो फॉर्ममध्ये स्वतंत्र टाकावा लागतो. आणि त्याच उत्पन्नात ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना २०२४ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, माझं त्यातच झालं. हॉस्टेल आणि मेसचे मात्र भरावे लागले, तेवढे पैसे बाजूला ठेवायला घरी आधीच सांगून ठेवा.