स्पेसर लावून पंप कसा घ्यायचा

दम्याचा पंप डायरेक्ट तोंडात मारला की बरंचसं औषध घशातच चिकटतं, फुफ्फुसात कमी जातं, म्हणून मधे स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामधे बसणारी प्लास्टिकची पोकळ नळी) लावायचा. कॅप काढा (आत काही अडकलं नाही ना बघा), पंप चांगला हलवा, स्पेसरच्या मागच्या भोकात बसवा. आधी श्वास सावकाश पूर्ण सोडा, मग माउथपीस दातांमधे धरून ओठ घट्ट मिटा, एकच पफ दाबा आणि लगेच हळूहळू खोल श्वास आत घ्या, १० सेकंद धरून ठेवा. काही स्पेसर शिट्टी वाजवतात, ती शाबासकी नाही, श्वास फार जोरात ओढताय असा अर्थ! श्वास धरणं जमत नसेल तर स्पेसरमधेच ५-६ वेळा साधा श्वास घ्या-सोडा.

दोन पफ एकदम मारायचे नाहीत, मधे अर्धा-एक मिनिट थांबा आणि पंप परत हलवा. लहान मुलांना मास्कवाला स्पेसर, नाक-तोंड दोन्ही झाकून, फट राहिली की औषध बाहेर. पोर रडत असेल तर आधी शांत करा, रडताना औषध नीट आत जात नाही.

स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते, आवाजही बसतो.

धुताना कोमट पाणी आणि भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, पण फडक्याने पुसू नका हां, प्लास्टिकवर स्टॅटिक येतं आणि औषध भिंतीला चिकटतं, तसाच निथळत ठेवा. रोटाहेलरला (कॅप्सूलमधली औषधाची पावडर ओढायचं साधन) मात्र स्पेसर लागत नाही.