भरिताचं गरम चीज डिप

माझं माहेर यावल तालुक्यातलं, सासर धुळ्याचं. माहेरी थंडी पडली की शेतात भरीत पार्टी ठरलेलीच. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ, त्यात बामणोदची हिरवी लठ्ठ वांगी, आणि भाजलेली मिरची-लसूण ठेचायचा तो वास. धुळ्यात आमच्या पार्ट्या गच्चीवर होतात. जेवायला उशीर असतो, माणसं गप्पांत असतात आणि थंडीत हातात काहीतरी गरम हवं असतं. मुलांना चीज हवं, मोठ्यांना भरीत हवं, म्हणून मी भरीत घालून चीज डिप करायला लागले. आता सहा हिवाळे झाले. आमच्याकडे पार्टी म्हटली की पाहुणे आधी हेच विचारतात.

बेक करणं यातलं सगळ्यात सोपं काम आहे. डिप बिघडतं ते पाण्याने. वांग्यात पाणी, दह्यात पाणी, पातीत पाणी. हे पाणी ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, जायच्या आधी काढलं तर पुढे चिंता नाही. आत गेल्यावर मात्र ते काढता येत नाही.

हे मी पहिल्याच वेळी शिकले. दिरांच्या लग्नाचा २५ वा वाढदिवस होता, घरात २० माणसं. मी वांगं भाजलं, सोललं आणि तसंच घातलं. दही नुसतं तासभर टांगलेलं. वर पाहुण्यांना यायला उशीर झाला म्हणून काचेचं मोठं भांडं पाऊण तास आत राहिलं. बाहेर काढलं तेव्हा वर पिवळ्या तेलाचा तवंग, खाली पाणी, आणि मधे चीजचा रबरासारखा गोळा. जाऊबाईंनी काही न बोलता ते स्वयंपाकघरात नेऊन झाकून ठेवलं आणि भजी तळायला घेतली. मला फार लागलं होतं ते. त्यानंतर महिनाभर दर रविवारी थोडं थोडं करून पाहिलं, तेव्हा खालचं प्रमाण बसलं.

१० ते १२ जणांसाठी लागतं ते असं: भरिताचं एक मोठं वांगं, साधारण ७०० ग्रॅम. आंबट नसलेलं अर्धा किलो दही. १५० ग्रॅम प्रोसेस्ड चीज, म्हणजे अमूलचे २५ ग्रॅमवाले क्यूब असतील तर ६. १५० ग्रॅम मोझरेला. ३ मोठे चमचे घट्ट साय. लसणाच्या १० ते १२ पाकळ्या, ४-५ हिरव्या मिरच्या, अर्धी वाटी भाजलेले शेंगदाणे, वाटीभर चिरलेली कांद्याची पात, थोडी कोथिंबीर, एक चमचा कॉर्नफ्लोअर आणि २ चमचे तेल. मिठाचा डबा लांबच ठेवा, चीज खारट असतं.

वांग्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण चव तिथूनच येते. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन नव्हतं तेव्हाही माझी आई दुसरं वांगं भरिताला घेत नव्हती. हे वांगं फिकट हिरवं, चकचकीत, गर भरपूर आणि बिया कमी. बाजारात दोन सारख्या आकाराची वांगी दोन हातांत धरून पाहा आणि हलकं लागेल ते घ्या. जड वांग्यात बहुतेक वेळा बिया जास्त निघतात. देठ हिरवा आणि ताजा हवा. तुमच्या गावात हे वांगं मिळत नसेल तर जांभळं मोठं वांगंही चालतं, फक्त त्याला पाणी जास्त सुटतं.

वांग्याला सुरीने चार-पाच ठिकाणी टोचा, तेलाचा हात लावा आणि गॅसच्या मोठ्या आचेवर थेट भाजा. टोचायला विसरू नका, आत वाफ कोंडली तर वांगं फुटतं. सगळीकडून काळं झालं, देठाजवळ दाबलं की बोट आत गेलं, की झालं. लगेच झाकून ठेवा, १० मिनिटांत साल सुटते. साल हातानेच काढा. नळाखाली धरू नका, धुराची चव वाहून जाते आणि पाणी पुन्हा आत शिरतं.

आता सोललेला गर चाळणीत ठेवा, खाली वाटी. चाळणी जरा तिरपी करा आणि पाऊण तास हात लावू नका. वाटीत जमणारं तपकिरी पाणी बघितलं की कळेल, हे सगळं चीजखाली जाऊन बसलं असतं. ते फेकू नका, आमटीत घाला.

तोवर कढईत तेल तापवून मिरच्या आणि लसूण डाग पडेपर्यंत परता, खलबत्त्यात जाडसर ठेचा. मिक्सर नको, त्यात लसणाची पेस्ट होते आणि ती उग्र लागते. त्याच कढईत निथळलेला गर घाला, लाकडी डावाने मोडत मध्यम आचेवर परतत राहा. सुरुवातीला गर चुरचुर आवाज करतो, मधे बुडबुडे येतात. ७-८ मिनिटांनी आवाज बसतो, डाव ओढला की कढईचा तळ दिसतो आणि रस लगेच भरून येत नाही. तो क्षण ओळखायला शिकलात की निम्मं काम झालं. मग ठेचा, शेंगदाण्याचं भरड कूट, पात आणि कोथिंबीर घालून एक मिनिट परता आणि गॅस बंद करा. हे भरीत कोमट होऊ द्या. गरम गरम चीजमध्ये घातलं तर चीज अर्धवट वितळून गुठळ्या होतात.

दही आदल्या रात्रीच मलमलीच्या कापडात टांगा. सकाळपर्यंत अर्धा किलो दह्याचा जवळपास २०० ग्रॅम चक्का होतो. श्रीखंडाला करतो तसाच. दही शिळं, आंबट नको. आंबटपणा जास्त झाला की गरम होताना दही फाटतं. कढीला आपण बेसन का लावतो? दही फाटू नये म्हणूनच. इथे तेच काम कॉर्नफ्लोअर करतं. चक्का, साय आणि कॉर्नफ्लोअर एकत्र करून हाताने गुळगुळीत फेटा. हाताला लोण्यासारखं लागलं पाहिजे.

चीज दोन प्रकारचं का, असं मला नेहमी विचारतात. प्रोसेस्ड चीजमध्ये ते बनवतानाच सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार घातलेले असतात. त्यामुळे त्यातलं तूप आणि पाणी एकमेकांना धरून राहतात आणि गरम झाल्यावर ते मऊ, एकसंध होतं. मोझरेला एकटं घेतलं तर तार छान येते, पण जास्त तापलं की त्यातली प्रथिनं आवळली जातात, तूप बाहेर ढकलतात आणि उरतं ते चिवट. माझ्या पहिल्या डिपचं हेच झालं होतं. म्हणून आतल्या मिश्रणात प्रोसेस्ड जास्त, मोझरेला थोडं तारेसाठी आणि बाकीचं वर रंगासाठी. पनीर किसून घालण्याचा विचार असेल तर सोडून द्या. पनीर कितीही तापवलं तरी वितळत नाही, डिपमध्ये त्याचे दाणे राहतात.

चीज वडीच आणा आणि घरी किसा. तयार किसलेल्या पाकिटात किस एकमेकांना चिकटू नये म्हणून स्टार्च लावलेला असतो, त्यामुळे तो तितका सुरेख वितळत नाही. मोझरेला फ्रिजमधून काढल्याबरोबर किसा, खोलीत ठेवलं की किसणीलाच लागतं. पाहुणे काटेकोर शाकाहारी असतील तर पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून घ्या.

फेटलेल्या चक्क्यात सगळं प्रोसेस्ड चीज, १०० ग्रॅम मोझरेला आणि कोमट भरीत घालून हलक्या हाताने मिसळा. पांढऱ्यात भरिताचे पट्टे राहिले तर राहू द्या, खाताना मजा येते.

आता भांडं. एक मोठं भांडं घेऊ नका, ६ इंची दोन घ्या. हा बदल मला फार उशिरा सुचला. धुळ्याच्या जानेवारीत गच्चीवर ठेवलेलं डिप १५ मिनिटांत थंड होतं आणि थंड चीजला काही चव नाही. पहिलं भांडं बाहेर गेलं की दुसरं ओटीजीत सरकवायचं. पहिलं चाटूनपुसून होईपर्यंत दुसरं तयार. जाड मातीचं किंवा बिडाचं भांडं सगळ्यात चांगलं, उष्णता धरून ठेवतं. मिश्रणाचा थर दीड इंचाचा हवा. पातळ थर सुकतो, जाड थराचा मधला भाग गारच राहतो. वर उरलेलं मोझरेला पसरा.

ओटीजी १८० अंशांवर १० मिनिटं आधी तापवा, मग १८ ते २० मिनिटं बेक करा. कडेने बुडबुडे यायला लागले आणि मधला भाग हलवल्यावर थरथरला, की झालं समजा. शेवटची ३ मिनिटं फक्त वरचा रॉड लावा आणि समोरून हलू नका. सोनेरी आणि करपलेलं यांत मिनिटाचंही अंतर नसतं. बाहेर काढून ५ मिनिटं थांबा. तेवढ्यात ते घट्ट होतं आणि जीभही भाजत नाही.

दुपारी भांडी भरून फ्रिजमध्ये ठेवता येतात. पण काचेचं भांडं फ्रिजमधून थेट तापलेल्या ओटीजीत घालू नका, तडकतं. अर्धा तास बाहेर ठेवा. आतून गार असल्यामुळे बेक करायलाही ७-८ मिनिटं जास्त लागतात.

लाईट गेली तर? आमच्याकडे एकदा ऐन वेळी गेली. जाड कढईत दोन वाट्या जाड मीठ पसरलं, मधे स्टँड ठेवला, झाकण लावून १० मिनिटं तापवलं आणि भांडं आत ठेवून मंद आचेवर २५ मिनिटं दिली. झाकणाला आतून फडकं बांधा, नाहीतर वाफेचं पाणी परत चीजवर ठिबकतं. वरचा सोनेरी रंग येत नाही, चवीत काही कमी पडत नाही.

सोबत टोस्ट आणि चिप्स ठेवण्यापेक्षा आपल्या घरात जे आहे ते काढा. ज्वारीची बिबडी, म्हणजे ज्वारीचे वाळवणाचे पापड! उन्हाळ्यात घातलेली, तीळ-लसूण घातलेली बिबडी तळून त्याचे मोठे तुकडे केले की डिप उचलायला यासारखं दुसरं काही नाही, मोडत नाहीत आणि ज्वारीचा तो हलका आंबूसपणा चीजला छान पेलतो. नागलीचे पापडही चालतात, पण ते जरा नाजूक असतात. दुसरं म्हणजे कळण्याची भाकरी. ज्वारी आणि अख्खे उडीद दळून आणलेलं पीठ असेल तर पातळ भाकऱ्या करा, गरम असतानाच कात्रीने तिकोनी तुकडे कापा, तेलाचं बोट फिरवा आणि १६० अंशांवर १२ ते १५ मिनिटं ठेवा. गार झाल्यावर कुरकुरीत होतात, डब्यात दोन दिवस राहतात. लहान मुलांसाठी काकडी-गाजराचे लांब तुकडे. तिखट शेव हवी असेल तर बशीत वेगळी ठेवा, प्रत्येकाने आपापल्या घासावर घ्यावी. आधीच वर घातली तर मऊ पडते.

पहिल्यांदा नीट जमलेलं डिप मी सासूबाईंसमोर ठेवलं तेव्हा त्यांनी बोटाने तार ओढून विचारलं, "हाई काय शे वं?" मी म्हटलं, भरीतच आहे, चीज घातलंय. त्यांनी बिबडीचा तुकडा बाजूला सारला, भाकरी मागितली आणि भाजीसारखं वाढून घेतलं. मग वाटी पुढे केली, "आखो दे." म्हणजे आणखी दे. तेव्हापासून त्यांच्यासाठी मी एक वाटी कमी चीजची आणि जास्त लसणाची वेगळी भाजते.

तारखेचं एक भान ठेवा. चातुर्मासात अनेक घरांत वांगं खात नाहीत. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की मग सुरू होतं. जैन मैत्रिणी येणार असतील तर एक भांडं वांगं, लसूण, पात न घालता करते. उकडलेले मक्याचे दाणे कोरडे परतून, त्यात हिरवी मिरची आणि जिरं. मक्यालाही पाणी असतं, म्हणून परतणं इथेही टाळू नका. कुठलं भांडं कोणाचं हे कळावं म्हणून त्यावर मिरी भुरभुरवते आणि चमचेही वेगळे ठेवते.

उरलंच, तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, रात्रभर ओट्यावर नको. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बेक करू नका, तूप सुटतं. पोळीत भरून पराठा लाटा, कडा नीट दाबा आणि तव्यावर मंद आचेवर भाजा.